घोडीचा केस आणि वाल्मिकची चामखीळ

मिरजगावच्या बाहेर, हायवे सोडून थोडं आत गेलं की वाल्मिकची वस्ती लागते. वाल्मिककडे एक पांढरी घोडी आहे. मैना तिचं नाव. आसपासच्या वीस-पंचवीस गावांतल्या नवरदेवांनी तिच्या पाठीवर जीव मुठीत धरून वरात काढलेली आहे. पण वाल्मिकचं नाव झालं ते वरातींमुळे नाही, मैनाच्या शेपटीमुळे.

चामखिळीला घोड्याच्या शेपटीचा केस बांधला की ती सुकते आणि गळून पडते, हे आपल्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही. आजी सांगते, शेजारीण सांगते, पानटपरीवाला तर न विचारताच सांगतो. अडचण एवढीच की हल्ली घोडं मिळत नाही. टेम्पो आहेत, ट्रॅक्टर आहेत, पण त्यांना शेपटी कुठून आणायची? म्हणून रविवारी सकाळी वाल्मिकच्या दारात माणसं येऊन उभी राहायची. कुणी श्रीगोंद्याचं, कुणी जामखेडकडचं, आणि एकदा तर पुण्याहून चारचाकी घेऊन एक साहेब आले होते, तेही अनशापोटी, कारण यायचं ते अनशापोटीच असा नियम होता.

नियम वाल्मिकच्या बापानं घालून दिलेले. केसाचा पैसा घ्यायचा नाही. मागणाऱ्यानं मैनापुढं हिरव्या घासाची एक पेंढी टाकायची. केस घेऊन जाताना मागं वळून बघायचं नाही. आणि सगळ्यात मोठा नियम असा की केस देणाऱ्यानं चामखीळ बघायची नाही, ती कुठं आहे, केवढी आहे, हेही विचारायचं नाही. बघितली तर ती देणाऱ्याकडे येते. वाल्मिकनं हा नियम इतका काटेकोर पाळला होता की पस्तीस वर्षं केस देऊनही त्यानं एकही चामखीळ धडपणे पाहिलेली नव्हती. समोरचा बाही वर सारायला लागला की हा पठ्ठ्या आभाळाकडे बघायचा.

आणि अशा माणसाच्या उजव्या हाताच्या अंगठ्यावर, नखाच्या अगदी कडेला, गेल्या श्रावणात एक चामखीळ उगवली.

पहिल्यांदा ती रंगुबाईला दिसली, जेवताना. नवऱ्यानं भाकरीचा तुकडा मोडला आणि तिचा हात वाढता वाढता थांबला.

"कुनाची बघितली?" तिनं विचारलं.

"कुनाची न्हाई."

"बघितल्याबिगर यील व्हय? पस्तीस वर्सं न्हाई आली आन आताच बरी आली!"

तिच्या आवाजात असा काही संशय होता, की वाल्मिक खरोखरच आठवायला लागला. एसटीत शेजारी बसलेल्या बाईचा हात? छे. न्हाव्याच्या मानेवर काही होतं का? पण न्हाव्याची मान कोण बघतं! चार दिवस त्यानं डोकं खाजवलं आणि पाचव्या दिवशी घोडीचा केस घेऊन बसला. वैद्यानं आपलंच औषध घ्यावं तसा, जरा लाजत.

केस काही बसेना. गाठ मारली की सटकायची. ज्याला देठ नाही त्याला बांधायचं कुठून? कढईच्या बुडाला दोरी बांधण्यातला प्रकार. दातात एक टोक धरून, डाव्या हातानं दुसरं टोक ओढून वाल्मिकनं तासभर खटपट केली आणि मग चष्मा लावून, उन्हात बसून, आयुष्यात पहिल्यांदा त्यानं चामखीळ नीट बघितली. वरून खरखरीत, फ्लॉवरच्या गड्ड्यासारखी बारीक बारीक फुटलेली. आत काळे ठिपके. हीच ती मुळं असावीत, असं त्याला वाटलं. अंगठ्याच्या कातडीवरच्या रेघा तिच्याजवळ येऊन थांबत होत्या आणि तिला वळसा घालून पुढे जात होत्या. हे त्याला फार नवलाचं वाटलं. आपण एवढी वर्षं ज्याचं औषध वाटलं ते असं दिसतं होय!

दिवाळीपर्यंत एकीच्या तीन झाल्या. तुळशीचं लग्न लागलं, वराती सुरू झाल्या आणि वाल्मिक लगाम धरायच्या हाताला रुमाल गुंडाळून मिरवायला लागला. वऱ्हाडी म्हणायचे, मामांचा काय थाट आहे! मामा मात्र रुमालाची गाठ चाचपत राहायचे. ज्याच्या दारात लोक चामखिळीसाठी येतात त्याच्याच हाताला तीन, ही गोष्ट फुटली असती तर पानटपरीवर आठवडाभर दुसरा विषय निघाला नसता.

लाज होतीच, पण वाल्मिकच्या अंगात लाजेपेक्षा चौकसपणा जास्त. आपल्याला गुण का येत नाही? इतरांना कसा आला? आणि मुळात कुणाकुणाला आला? हा तिसरा प्रश्न डोक्यात शिरला आणि त्याच्या लक्षात आलं की आपल्याला हे माहीतच नाही. ज्याची पडली तो पुढच्या बाजाराला हसत भेटायचा, "मामा, लई गुन आला" म्हणायचा. ज्याची पडली नाही तो कशाला सांगत बसेल?

मग तो विचारत सुटला. बाजारात, पिठाच्या गिरणीवर, दूध डेअरीच्या रांगेत. वर्षभरात ज्यांना केस दिले ते आठवून आठवून गाठायचे आणि नियम मोडू नये म्हणून तोंड दुसरीकडे करून विचारायचं, "पडली का ओ ती?" अकरा जण सापडले. सहा जणांची पडली होती. चौघांची जशीच्या तशी. एकाला तर आपण केस नेला होता हेच आठवेना.

सहा म्हणजे निम्म्याहून जास्त, असं म्हणून वाल्मिकनं मिशीवर हात फिरवला असता. पण हायवेवरच्या पंक्चरवाल्या कल्याणनं घात केला.

"पडली की मामा, चांगली मुळासकट! पर एक सांगू का, रागवू नगा. तो केस बांधलाच न्हाई मी. शर्टाच्या खिशात ऱ्हायला आन शर्ट धुवायला गेला. दोन-तीन म्हैन्यांनी बघतो तर चामखीळच गायब!"

आणि दुसरीकडे मोनिका, किराणा दुकानदाराची सून. चार वेळा केस नेलेला, चारही वेळा अनशापोटी, मैनाला पेंढी घालून, मागं न बघता. तिच्या हाताच्या दोन्ही चामखिळी तिथंच, वर एक नवी. जिनं सगळं पाळलं तिची राहिली आणि ज्यानं केस धुवायला टाकला त्याची पडली. वाल्मिकला त्या दिवशी जेवण गोड लागेना. रंगुबाईला वाटलं तोंड आलं असेल.

हिशोबात बारावी होती रतनबाई. ती गावचीच लेक, नवरा गेल्यावर पोराला घेऊन माहेरी परत आलेली. लहानपणी वाल्मिकच्या मागं मागं हिंडायची, म्हणून त्याला दादा म्हणायची. तिनं दसऱ्याच्या आसपास केस नेला होता. दिवाळी झाली आणि ती पोराबरोबर, नितीनबरोबर, ऊस तोडायला श्रीगोंद्याकडे गेली. आई बांधणारी, पोरगा तोडणारा, दोघं मिळून मुकादमाच्या हिशोबात एक कोयता. त्यामुळे तिला विचारता आलं नव्हतं. पण विचारायची गरजही नव्हती. निघताना ती भरल्या ट्रॉलीतून सगळ्यांना ऐकू जाईल अशी ओरडली होती, "दादा, तुझ्या केसाला लई गुन हाय! पार रुतलाय, तरी कायबी दुखत न्हाई!" वाल्मिकनं तिला गुण आलेल्यांत धरलं होतं. सातवी.

अखेर एका मंगळवारी तो आरोग्य उपकेंद्रात गेला. तिथं यशोधरा मॅडम होत्या, शेवगावच्या, वयानं त्याच्या थोरल्या मुलीएवढ्या. बाहेरच्या बायका उठून जाईपर्यंत तो उगाच भिंतीवरचे तक्ते वाचत बसला. मग रुमाल सोडला.

"अरे वा, काका, तीन तीन!" त्या म्हणाल्या. त्यांनी मोबाईलचा कॅमेरा जवळ नेला आणि चित्र मोठं करून त्याला दाखवलं. "हे काळे ठिपके बघा. लोक याला मुळं म्हणतात. मुळं नाहीत ही. केसाएवढ्या बारीक रक्तवाहिन्या आहेत, त्यात रक्त गोठलंय."

वाल्मिकनं मोबाईल हातात मागून घेतला आणि बराच वेळ बघितलं. "मग मूळ कुठाय?"

"मूळच नाही. विषाणू आहे. कातडीला कुठं चीर पडली, सोललं, की तिथून आत शिरतो आणि वरच्यावर राहतो. तुम्ही नखाजवळचं कातडं दातानं सोलता का?"

वाल्मिक ओशाळला. या सवयीवरून रंगुबाईही पस्तीस वर्षं बोलत आली होती.

"तिथूनच. एकीच्या तीन पण त्यानंच. दुसऱ्याचा टॉवेल, दुसऱ्याचं ब्लेड, यातूनही येते. बघून नाही येत," त्या हसून म्हणाल्या, कारण केस देणाऱ्या मामांचा नियम त्यांच्याही कानावर आलेला होता.

मग वाल्मिकनं पोतडीच उघडली. कल्याणची का पडली? मोनिकाची का नाही? मॅडमनी सांगितलं की आपल्या अंगाला हा विषाणू ओळखायला वेळ लागतो. कुणाला दोन महिने, कुणाला दोन वर्षं. एकदा ओळखला की अंगच त्याला हुसकून लावतं. लहान पोरांच्या तर बहुतेक आपोआपच जातात. त्या काळात माणूस जे काही करत असेल त्याला श्रेय मिळतं, केस असो, चुना असो की नवस असो.

"म्हंजी माझी मैना फुकटची मोठी झाली म्हना की!"

"देठाची बारीक असली आणि केसानं आवळली तर तिचं रक्त तुटून पडतेही, काका. पण ती जखम असते. पिकली तर भारी पडते."

त्यांनी नगरच्या कातडीच्या डॉक्टरांना व्हिडिओ कॉलवर हात दाखवला आणि औषध लिहून घेतलं. रोज रात्री अंगठा पाच मिनिटं कोमट पाण्यात धरायचा, कानशीनं हळू घासायचा, कानस दुसऱ्या कुणी वापरायची नाही, आजूबाजूच्या कातडीला व्हॅसलीन लावायचं आणि चामखिळीवर औषधाचा एक थेंब टाकायचा. तीन महिने. दोन दिवसांत कंटाळायचं नाही. एवढ्यानं नाही गेली तर नगरला गोठवून काढतात. वाल्मिकला गोठवणं ऐकून इतकं कुतूहल वाटलं की औषधानं गुण येऊ नये असं क्षणभर त्याच्या मनात येऊन गेलं.

"आणि तुमच्याकडे लोक येतात म्हणून सांगते," मॅडम म्हणाल्या. "तोंडावरची असेल, रक्त येत असेल, रंग बदलत असेल, म्हाताऱ्या माणसाला नवीनच आली असेल, तर आधी डॉक्टर. आणि शुगरवाल्याच्या पायाला तर हातच लावायचा नाही. केस नाही, ब्लेड नाही, हे औषधसुद्धा नाही."

"का बरं?"

"शुगरनं पाय बधिर होतो. जखम झाली तरी दुखतच नाही, म्हणून माणूस बघत नाही. मांसात रुतलेलं ज्याला दुखत नाही त्याचीच भीती धरायची, काका."

वाल्मिक उठला होता, तो परत खाली बसला. भरली ट्रॉली त्याच्या डोळ्यांपुढं आली. पार रुतलाय, तरी कायबी दुखत न्हाई. चामखीळ हाताला आहे की पायाला, हे त्यानं विचारलं नव्हतं. रतनबाई दसऱ्यापासून एका पायात चप्पल अर्धी घालून चालत होती, तेही त्यानं बघितलं होतं आणि सोडून दिलं होतं. तिची आई शुगरनं गेली होती. हे तर अख्ख्या गल्लीला माहीत होतं.

"मॅडम," तो म्हणाला, "मी एक घान करून बसलोय."

टोळीच्या मुकादमाचा, सुनीलचा, फोन तिसऱ्या खेपेला लागला. रतनबाई? हाय की, मोळ्या बांधतीय. लंगडती का? लंगडती जरा, पर काम चोख हाय. वाल्मिकनं शेजारच्याची मोटारसायकल घेतली आणि त्याच दुपारी श्रीगोंद्याची वाट धरली. सबंध रस्ताभर तो स्वतःला सांगत होता की हाताला असेल, हाताच्या बोटाला असेल, आपण उगाच जिवाला घोर लावून घेतोय. सोबत मॅडमनी लिहून दिलेली चिठ्ठी होती.

फडात अर्धा ऊस उभा, अर्धा आडवा. नितीनचा कोयता चालू होता आणि रतनबाई वाढ्याच्या, म्हणजे उसाच्या शेंड्याच्या हिरव्या पानांच्या, आळ्यानं मोळ्या बांधत होती. डाव्या पायाला फडकं गुंडाळलेलं होतं, मातीनं काळं झालेलं.

"दादा? हितं कसा रं तू?"

"पाय दाखव."

ती हसली. "येडा का खुळा! केस देनाऱ्यानं बघायचं नसतं."

"रतन, पाय दाखव."

"सांच्याला बघ. गाडी भरायचीय, मुकादम बोंबलंल."

तो वादात पडला नाही. उसाच्या पाचटावर तिच्यासमोर खाली बसला, आणि पस्तीस वर्षं आभाळाकडे बघणाऱ्या माणसानं तिचा पाय मांडीवर घेऊन फडकं सोडलं. आधी वास आला. चामखिळीला देठ नसल्यानं तिनं केस अख्ख्या अंगठ्यालाच, बुडाशी, आवळला होता, पण तो दिसत नव्हता. दोन्ही बाजूंनी मांस त्याच्यावर चढलं होतं. अंगठा पुढं जांभळा-काळा झाला होता. त्यानं बोटानं दाबलं.

"दुखतं?"

"न्हाई बा. तेच तर म्हनते, लई गुन हाय."

नितीन कोयता टाकून धावत आला आणि आईच्या पायाशी वाकला. आई रोज रात्री कोपीत, पाचटाच्या खोपटात, पाय पांघरुणात घेऊन झोपायची, त्यामुळे त्यानंही बघितलं नव्हतं. सुनील मुकादम बोंबलत आला, पण पाय बघून स्वतःच्या जीपची चावी त्यानं नितीनच्या हातात दिली. श्रीगोंद्याच्या दवाखान्यात रक्त तपासलं तर शुगर साडेचारशेच्या वर. तिथल्या डॉक्टरांनी चिठ्ठी वाचली, पाय बघितला आणि तासाभरात नगरला धाडलं. वाल्मिक मागं जीपमध्ये तिचा पाय धरून बसला होता. ती मात्र सारखी विचारत होती, उद्या मोळ्या कोण बांधणार?

आठ दिवस तो पाय राहतो की जातो, हे कुणी सांगायला तयार नव्हतं. घोट्यापर्यंत सूज चढली, उतरली, परत थोडी चढली. दहाव्या दिवशी अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट काढलं. पाय राहिला.

मधल्या रविवारी वाल्मिकच्या दारात दोन माणसं आली. एकाची त्यानं मनगटावर बघितली, त्याला कोमट पाणी आणि कानस समजावून सांगितली. दुसऱ्या म्हातारबाबांच्या नाकावर होतं ते चामखीळ नसावंच असं त्याला वाटलं. त्यांना तो स्वतः यशोधरा मॅडमकडे घेऊन गेला. केस कुणालाच दिला नाही. बाबांनी जाताना घासाची पेंढी मैनापुढं टाकली ती टाकलीच. वाल्मिकच्या स्वतःच्या तिनांपैकी एक औषधानं पातळ झाली आहे, दोन आहेत तशाच आहेत. तो रोज रात्री चष्मा लावून त्या बघतो.

रतनबाईला भेटायला तो तिसऱ्यांदा नगरला गेला तेव्हा नितीन खाली औषधं आणायला गेला होता. वॉर्डात दुपारची सामसूम. वाल्मिकनं आणलेली केळी कपाटावर ठेवली आणि तो स्टुलावर बसला. गेल्या दोन्ही खेपांना त्याला जे बोलायचं होतं ते बोलणं झालं नव्हतं.

"माझ्यामुळं झालं, रतन," तो म्हणाला.

तिनं उगी म्हणावं, असू दे म्हणावं, असं त्याला कुठंतरी वाटत असावं. माणूस असंच बोलतो आणि समोरच्याच्या तोंडाकडे बघतो. रतनबाई छताकडे बघत होती.

"व्हय, तुझ्यामुळंच झालं," ती म्हणाली. "मला शुगर हाय ही मलाच ठावं न्हवतं, ती तुला कशी ठावं आसंल? पर मी लंगडत तुझ्या दारात आले हुते. लहानपनी माझ्या पायात काटा मोडला तर तू दातानं काढायचास. त्या दिवशी तू वर बघत केस हातात ठिवलास. एकदा तरी इचारायचं हुतंस, रतने, काय झालंय म्हनून."

वाल्मिकचे डोळे भरून आले आणि त्यानं ते पुसलेही नाहीत. रतनबाईनं त्याला रडू दिलं. मग तिनं त्याच्याकडे मान वळवली आणि चादर पायावरून बाजूला केली, कारण पट्टी बदलणारी सिस्टर आली होती. वाल्मिक उठून बाहेर जायला लागला.

"कुटं चाललास?" ती म्हणाली. "बस हितंच. बघ."

तो परत स्टुलावर बसला. सिस्टरनं पट्टी सोडली आणि वाल्मिक शेवटपर्यंत बघत राहिला.